मोठा पडदा कोणता घ्यावा?

(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या तळवड्यांत मापाला फार मान आहे. एकीकडे सॉफ्टवेअर पार्कच्या इमारती आणि दुसरीकडे लहानमोठे यांत्रिक कारखाने, अशी आमची वस्ती. कारखान्यांत यंत्रावरून उतरलेला जॉब व्हर्नियरच्या कसोटीस उतरला नाहीं, तर तो परत जातो. ‘दिसायला बरा आहे’ ही सबब तेथें चालत नाहीं. माझा मुलगा अशाच एका कारखान्यांत तपासणीचें काम करतो. असें असूनही संगणकावर खेळण्यासाठीं मोठा मॉनिटर घेतांना आम्ही एकच आकडा पाहिला आणि फसलों. ती हकीकत आज सांगतों. कारण दिवाळीच्या सुमारास हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो.

दोन वर्षांपूर्वीं नातू बारावी उत्तीर्ण झाला. बोनस हातीं येतांच त्याच्या वडिलांनीं ३२ इंची मॉनिटर घरीं आणला. मुलाला आनंद झाला. परंतु पंधरवड्यानें माझ्या लक्षांत आलें कीं, तो खुर्ची भिंतीस टेकेपर्यंत मागें ओढतो आणि हात लांब करून खेळतो. कारण विचारलें, तेव्हां हळूच म्हणाला, “आजोबा, अक्षरें दाणेदार दिसतात. पण बाबांना सांगूं नका.” खोका फोडलेला असल्यामुळें दुकानदार मॉनिटर परत घेईना, हेंही त्यानें परस्पर विचारून ठेवलें होतें.

मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. संगणक मला येत नाहीं. पण काटकोन त्रिकोण येतो. मीं टेप घेतली. मॉनिटरचे इंच हे रुंदीचे नसून कर्णाचे असतात. नेहमींच्या पडद्याची रुंदी व उंची १६ ला ९ या प्रमाणांत असते. म्हणजे ३२ इंची पडदा सुमारें २८ इंच रुंद व पावणेसोळा इंच उंच भरतो. २७ इंची पडदा साडेतेवीस इंच रुंद व सव्वातेरा इंच उंच.

आतां त्यावरील ठिपके पाहा. त्यांना पिक्सेल म्हणतात. आमच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके होते. २८ इंचांत १९२० ठिपके म्हणजे इंचाला अवघे ६९. तेवढेच ठिपके २४ इंची पडद्यावर असते, तर इंचाला ९२ पडले असते. तेवढ्याच पिठाची पोळी मोठी लाटली, तर ती पातळ होते. पीठ वाढत नाहीं. पडदा मोठा झाला म्हणून चित्र अधिक बारीक दिसत नाहीं, उलट ठिपकाच मोठा होतो. त्यांत आमचें टेबल दोन फूट खोल आणि त्यांतलें आठ-दहा इंच स्टँडनें व्यापलेलें. डोळा पडद्यापासून जेमतेम दोन फुटांवर येई, आणि तेवढ्या अंतरावरून ठिपके उघड दिसत.

म्हणून पहिला नियम असा कीं, दुकानांत जाण्यापूर्वीं टेबल मोजावें. डोळा दोन-अडीच फुटांवर राहणार असेल, तर २७ इंची पडदा व २५६० गुणिले १४४० ठिपके ही जोडी चांगली. इंचाला सुमारें १०९ ठिपके पडतात. ३२ इंचीच हवा असेल, तर ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा, ज्याला बाजारांत फोर-के म्हणतात, तो घ्यावा. त्यांत इंचाला १३८ पडतात.

पण येथें दुसरा प्रश्न उभा राहतो. इतके ठिपके रंगवणार कोण? तें काम संगणकांतील ग्राफिक्स कार्डाचें. पहिल्या प्रकारांत सुमारें २१ लक्ष ठिपके असतात, दुसऱ्यांत ३७ लक्ष, आणि फोर-केमध्यें ८३ लक्ष, म्हणजे पहिल्याच्या चौपट. कार्ड दुबळें असेल, तर खेळ अडखळूं लागतो. तेव्हां आपलें कार्ड किती ओझें उचलतें, हें मुलालाच विचारावें. त्याला तें ठाऊक असतें.

तिसरी गोष्ट वेगाची. पडदा सेकंदास किती वेळां चित्र बदलतो, तें हर्ट्झमध्यें सांगतात. ताशीं १४० किलोमीटर वेगानें टाकलेला चेंडू सेकंदाच्या साठाव्या भागांत सुमारें ६५ सेंटिमीटर पुढें जातो. १४४ व्या भागांत केवळ २७. म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावर तो लांब उड्या मारीत येईल, १४४ च्या पडद्यावर सलग येईल. धांवपळीच्या खेळांत हा फरक डोळ्याला जाणवतो. मात्र १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून पुष्कळजण तो नकळत ६० वरच चालवतात. कारण संगणकाच्या सेटिंगमध्यें आंकडा बदललेला नसतो किंवा केबल जुनी असते. पडदा जोडल्यावर पहिल्याच दिवशीं हें तपासावें.

चौथी गोष्ट पडद्याच्या जातीची. आय. पी. एस. जातीचा पडदा बाजूनें पाहिला तरी रंग टिकवतो, पण अंधाऱ्या खोलींत त्याचा काळा रंग करडा भासतो. व्ही. ए. जातीचा काळा रंग गडद. मात्र काळोख्या दृश्यांत हलणाऱ्या वस्तूंमागें कधीं कधीं डाग ओढल्यासारखा दिसतो. ओलेडमध्यें प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळें काळा तो खरोखर काळा. परंतु एकच स्थिर आकृती तासन्‌तास राहिली, तर तिचा ठसा कायमचा उमटण्याचें भय असतें. मुलगा त्याच पडद्यावर अभ्यासही करणार असेल, तर आय. पी. एस. बरा. कोणताही घ्या, खिडकी त्याच्या समोर येऊं देऊं नका.

किंमतीसंबंधीं एक सांगणें अवश्य आहे. पूर्वीं ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जी. एस. टी. होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणून दुकानदार आतां आणखी मोठा दाखवतील. कर उतरला, पण आपलें टेबल रुंद झालें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

शेवटीं मीं हा सारा हिशेब कागदावर मांडून मुलापुढें ठेवला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आमच्याकडे असा जॉब आला असता, तर मीं परत पाठवला असता.” नातवाकडे पाहून त्यानें एवढेंच विचारलें, “मला कां नाहीं सांगितलेंस?” पोराच्या डोळ्यांत पाणी आलें.

यंदा दोघे टेप घेऊन बरोबर गेले आणि २७ इंची मॉनिटर घेऊन आले. जुना आम्ही टाकला नाहीं. लहानसा स्पीकर जोडून बाहेरच्या खोलींत भिंतीवर लावला. तेथें आठ फुटांवर बसून मी क्रिकेटचे सामने पाहतों, आणि मला एकही ठिपका दिसत नाहीं. पडदा वाईट नव्हताच. अंतर चुकलें होतें.