‘रिपोर्ट नॉर्मल’ असलेली आग : मज्जातंतूंच्या विकाराचे निदान आणि हिंगोली जिल्हा

प्रस्तावना

तळपाय, पिंढऱ्या किंवा हातांची बोटे निखाऱ्याजवळ धरल्यासारखी भाजतात. परंतु त्या जागी लाली, सूज, जखम वा पुरळ यांपैकी काहीही दिसत नाही. अशी तक्रार करणारा रुग्ण सामान्यतः एका ठरावीक मार्गाने जातो. रक्ताची तपासणी होते, कमरेचा एक्स-रे निघतो, ऐपत असल्यास एमआरआय होतो, शहरात गेल्यावर ‘नर्व्ह कंडक्शन’ ही मज्जातंतूंच्या संवेदनवहनाची तपासणीही होते. अनेकदा या प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ हाच शेरा असतो. आग मात्र रात्रीच्या वेळी पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक होत राहते. कालांतराने घरातील माणसे, सहकारी आणि काही वेळा वैद्यकीय व्यावसायिकही ‘मनाचा खेळ’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

हा निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या का टिकत नाही आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात निदानाची वाट नेमकी कोठे चुकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या विकारात यंत्राच्या अहवालापेक्षा रुग्णाचे कथन आणि साध्या साधनांनी केलेली तपासणी हाच अधिक महत्त्वाचा पुरावा असतो आणि तो गावपातळीवरही गोळा करता येतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आगीला असलेली नावे

ही तक्रार आधुनिक काळातील नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या विवेचनात ‘पाददाह’ आणि ‘पादहर्ष’ असे दोन विकार वेगळे सांगितले आहेत. पहिल्यात पायांची आग होते, दुसऱ्यात पाय झिणझिणतात व बधिर होतात. त्यामागील दोषांची मीमांसा आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाही, हे खरे. परंतु जळणे आणि झिणझिणणे ही दोन भिन्न लक्षणे आहेत, हे निरीक्षण अचूक आहे.

आधुनिक वैद्यकात जे. ग्रिअर्सन यांनी १८२६ मध्ये हिंदुस्थानातील लोकांच्या पायांतील आगीचे वर्णन केले. पुढे १९४६ मध्ये कुन्नूर येथील पोषणविषयक प्रयोगशाळेतील सी. गोपालन यांनी याच विकाराचा संबंध निकृष्ट आहाराशी आणि ब गटातील जीवनसत्त्वांच्या अभावाशी जोडला. या दोघांच्या नावांवरून ‘ग्रिअर्सन-गोपालन लक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ झाली. अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करणाऱ्या सिलास वेअर मिचेल यांनीही बरी झालेली जखम मागे ठेवून जाणाऱ्या तीव्र आगीची नोंद केली होती. त्यांचा ग्रंथ १८७२ चा आहे.

मराठी भाषा या बाबतीत विलक्षण समृद्ध आहे. आग, भगभग, चुरचुर, मुंग्या, झिणझिण्या, सणक, चमक, ठसठस, बधिरपणा हे शब्द बोलणारा माणूस एकमेकांच्या जागी वापरत नाही. चादरीचा स्पर्शही सोसत नाही अशा त्वचेसाठी ‘हुळहुळी’ हा शब्द आहे. वैद्यकात त्यासाठी स्वतंत्र पारिभाषिक संज्ञा योजावी लागली. केसपेपरवर मात्र या सर्वांचे रूपांतर ‘पाय दुखतात’ एवढ्या दोन शब्दांत होते आणि निदानाला उपयुक्त असलेली माहिती तेथेच गळून पडते. फ्रान्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘डीएन-४’ ही प्रश्नावली याच्या नेमकी उलट दिशेने जाते. तिच्यात आग, बोचरा गारठा, विजेचा झटका, मुंग्या, टोचणी, बधिरता व खाज या सात बाबी रुग्णाला विचारल्या जातात, तर उरलेल्या तीन तपासून पाहिल्या जातात. दहापैकी चार बाबी आढळल्यास वेदना मज्जातंतूंची असण्याची शक्यता मोठी मानली जाते. म्हणजेच शब्द हेच येथे मोजमापाचे साधन होय.

आगीवाचून आग कशी होते

त्वचेतून मेंदूकडे संवेदना नेणारे तंतू एकाच जाडीचे नसतात. स्पर्श, कंपन आणि सांध्यांची स्थिती यांची जाणीव जाड तंतू वाहतात. त्यांच्यावर मायलिनचे जाड आवरण असते आणि त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने जातो. उष्णता, थंडी आणि वेदना यांची जाणीव मात्र अत्यंत बारीक तंतूंकडे असते. त्यांपैकी ज्यांच्यावर मायलिन नसते त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर असतो.

या बारीक तंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे प्रथिन असते. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९७ मध्ये शोधले आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीतील कॅप्सेसिन याच प्रथिनाला उद्दीपित करते, म्हणून मिरची कांडणाऱ्या हातांची आग होते. हात प्रत्यक्षात गरम झालेले नसतात. तंतू स्वतःच विकृत झाला तर मिरचीचीही गरज उरत नाही. तो विनाकारण संदेश पाठवू लागतो आणि मेंदू त्या संदेशाचा अर्थ ‘आग’ असाच लावतो. तेव्हा ही वेदना काल्पनिक नसते. चुकीची असते ती केवळ तिच्यातून मिळणारी बाहेरच्या जगाची बातमी.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा लागतो. रुग्ण झालेला हाच तंतू खऱ्या उष्णतेची वार्ता नीट देऊ शकत नाही. वसमत परिसरात हळद शिजवण्याच्या हंगामात कढईजवळ तासन्‌तास उभे राहणाऱ्या मजुराच्या पायांची रात्री आग होते. पण दिवसा त्याच पायाला चटका बसला तर तो उशिरा कळण्याची शक्यता असते. आग शमवण्यासाठी पाय बराच वेळ बर्फाच्या वा गरम पाण्यात ठेवणे यामुळेच धोक्याचे ठरते.

तपासणी ‘नॉर्मल’ का येते

नर्व्ह कंडक्शन तपासणीत विजेचा सूक्ष्म धक्का देऊन संदेशाचा वेग व जोर मोजतात. ही तपासणी जाड तंतूंचीच असते. बारीक तंतूंचे संदेश इतके मंद व क्षीण असतात की त्यांची नोंद तिच्यात होत नाही. त्यामुळे केवळ बारीक तंतू बाधित असतील तर अहवाल निर्दोष येणे हेच अपेक्षित असते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर हे कोणी लिहीत नाही, ही खेदाची बाब होय.

बारीक तंतूंच्या विकाराची खात्री करण्यासाठी घोट्याच्या वर सुमारे १० सेंटिमीटर अंतरावरून ३ मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढून त्यातील तंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली गणना करतात. ही सोय देशात मोजक्याच ठिकाणी आहे. परंतु त्याआधीची पायरी साधी आहे. टोचण्यासाठी निर्जंतुक सुई, कापसाचा बोळा, गार व कोमट पाण्याच्या दोन परीक्षानळ्या, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि प्रतिक्षिप्त क्रियेसाठी लहान हातोडी एवढ्या साहित्यावर बरेच कळते. टोचणी व गार-कोमट यांची जाणीव पायाकडे कमी, मात्र कंपनाची जाणीव, स्नायूंची ताकद आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत, असे चित्र दिसले तर बारीक तंतूंचा विकार संभवतो. याउलट ‘कापसावर चालल्यासारखे वाटते’ किंवा ‘डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो’ असे रुग्ण म्हणत असेल तर जाड तंतू वा पाठीचा कणा यांचा विचार करावा लागतो.

जिल्ह्याच्या संदर्भात कारणांचा विचार

मधुमेह हे या विकाराचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही, तर १३.६ कोटी पूर्वमधुमेही आहेत. पूर्वमधुमेही अवस्थेतही बारीक तंतूंना इजा होऊ शकते. म्हणून केवळ उपाशीपोटीची साखर पाहून समाधान मानू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी केलेली तपासणी अधिक बोलकी ठरते.

दुसरे कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरी व ग्रामीण मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ चे प्रमाण कमी आढळले. प्रमाण कमी असलेल्या प्रत्येकाला मज्जातंतूंचा विकार होतोच असे नाही. परंतु वनस्पतींमध्ये हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि दूधदुभते बेताचे असलेल्या शाकाहारी घरात ते अपुरेच पडते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही तूट आणखी वाढते.

येथेच ग्रामीण भागातील एका सवयीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. अशक्तपणा असो वा पायांची आग, ‘ताकदीचे लाल इंजेक्शन’ आधी दिले जाते. तो लाल रंग बी-१२ चाच असतो. त्यानंतर केलेल्या रक्ततपासणीत बी-१२ भरपूर दिसते आणि मूळ तूट झाकली जाते. रक्ताचा नमुना इंजेक्शनापूर्वी घेतला गेला असता तर पुढचा बराच खर्च वाचला असता, असे अनेक प्रकरणांत म्हणावे लागेल. शिवाय बी-६ हे जीवनसत्त्व अतिरिक्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास ते स्वतःच मज्जातंतूंना इजा करते, हे १९८३ पासून ज्ञात आहे. म्हणून ‘जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार’ ही समजूत सोडणे आवश्यक आहे. याउलट क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणाऱ्यास बी-६ योग्य मात्रेत द्यावेच लागते.

तिसरे कारण कुष्ठरोग होय. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे लक्ष्य गाठले; त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला गेला. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंतच वास करतो. त्यात बधिरता प्रमुख असली तरी आग व सणकाही आढळतात. फिकट बधिर चट्टा दिसतो का आणि कोपराच्या आतील बाजूस वा गुडघ्याच्या बाहेरील बाजूस जाड झालेली नस हाताला लागते का, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात व त्याचा औषधोपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतो.

दारू, थायरॉइडचे विकार, एचआयव्ही, कर्करोगावरील काही औषधे यांचाही विचार करावा लागतो. एकाच बाजूला कमरेपासून खाली उतरणारी आग कण्यातील दबलेल्या नसेची असू शकते, तर छातीवर पट्ट्यासारखी उरलेली आग पूर्वी येऊन गेलेल्या नागिणीची. मात्र पायांकडून वर चढत जाणारी अशक्तता काही दिवसांत वाढत असेल तर वाट पाहणे घातक ठरते. पुणे परिसरात जानेवारी २०२५ मध्ये आढळलेल्या गुलियन-बारे आजाराच्या उद्रेकाने हे महाराष्ट्रास पुन्हा दाखवून दिले. अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवावे.

निदानाचा प्रवास

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांतील रुग्णाला मज्जासंस्थेच्या तज्ज्ञासाठी बहुधा नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठावे लागत आले आहे. अशा एका फेरीत दोन माणसांची मजुरी बुडते. तज्ज्ञाला मिळणारा वेळ अल्प असतो आणि त्या वेळात पिशवीतून निघतात ते केवळ फिल्मांचे गठ्ठे. आग केव्हा सुरू झाली, कोठून कोठे सरकली, रात्री वाढते की चालल्यावर, दोन्ही पायांत सारखी आहे का, कोणती औषधे व इंजेक्शने आधी घेतली, ही माहिती मात्र कोठेच लिहिलेली नसते. आठ-दहा ओळींची अशी तारीखवार टिपणी सोबत असल्यास एक फेरी वाचू शकते. ती लिहून देणे घरातील शिकणाऱ्या मुलामुलीला सहज शक्य आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी दूरवैद्यक सेवेतही अशीच टिपणी कामाला येते.

दरम्यान घरगुती उपाय चालूच असतात. तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासणे, मेंदी, सब्जा, गुलकंद यांनी काहींना तात्पुरते बरे वाटते आणि त्यांत अपायही फारसा नाही. अडचण येते ती ‘उष्णता वाढली’ एवढ्या स्पष्टीकरणावर दोन-तीन वर्षे काढली जातात तेव्हा.

औषधांविषयीही एक गैरसमज आढळतो. अशा वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन यांसारखी औषधे वापरली जातात. त्यांपैकी पहिली दोन नैराश्यावरही दिली जातात. ‘मला वेडाची गोळी दिली’ असे समजून रुग्ण ती परस्पर बंद करतो. मज्जातंतूंचे संदेश मंद करण्याचा गुण या औषधांत आहे म्हणून ती दिली जातात, एवढे वाक्य डॉक्टरांनी वा औषधविक्रेत्याने सांगितले तरी पुष्कळ साधते.

कारण सापडले नाही तर

सर्व तपासण्यांनंतरही बारीक तंतूंच्या विकाराच्या रुग्णांपैकी पाचव्या हिश्श्यापासून निम्म्यांपर्यंत रुग्णांत कारण सापडत नाही, असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळते. कारण अज्ञात असणे आणि विकार नसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेचा आदर राखावा, हे सोबतच्या टिपणात स्पष्ट नमूद केले. अशा रुग्णात औषधाने वेदना पूर्ण जात नाही. ती तिसऱ्या हिश्श्याने वा निम्म्याने उतरली आणि झोप लागू लागली तर उपचार लागू पडला असे मानतात. साखरेची तपासणी दरवर्षी पुन्हा करावी लागते, कारण आज अज्ञात असलेले कारण दोन-तीन वर्षांनी उघड होऊ शकते. सैल चप्पल, रात्री पायांवरून पांघरूण दूर ठेवणारी साधी चौकट आणि पायांची रोजची पाहणी ही उर्वरित काळजी होय.

हिंगोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तेथे मज्जासंस्थेचा स्वतंत्र विभाग उभा राहण्यास काळ लागेल. तोपर्यंत सुई, परीक्षानळ्या व ट्यूनिंग फोर्क यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे आणि ३ मिलिमीटरचा त्वचेचा नमुना योग्य द्रावणात बाहेरच्या प्रयोगशाळेकडे पाठवणे, ही दोन कामे जिल्ह्यात राहूनच करता येण्याजोगी आहेत. स्थानिक महाविद्यालयांतील मराठी व भाषाशास्त्राचे अभ्यासक तिसरे काम करू शकतील. जिल्ह्यातील मराठी, बंजारा, आंध आदिवासी आणि दख्खनी उर्दू बोलणाऱ्यांच्या तोंडी वेदनेसाठी कोणकोणते शब्द आहेत आणि प्रत्येकाचा नेमका अर्थ काय, याची सूची केसपेपर लिहिणाऱ्या नव्या डॉक्टरच्या टेबलावर असावी.