बिअर आणि व्हिस्कीचा कारखाना बघायला जाताय? आत काय होतं आणि शेतकऱ्याचा त्यात काय संबंध, वाचा सोप्या भाषेत

पिंपळे सौदागर : हिंजवडी, भोसरी, चाकणला नोकरीला असलेली खेड, मावळ, मुळशी, आंबेगावची बरीच पोरं पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड भागात खोल्या घेऊन राहतात. सुट्टीच्या दिवशी बिअर जिथं तयार होते ती जागा बघायला जायची टूम त्यांच्यात आली आहे. चकचकीत टाक्यांसमोर काढलेले फोटो गावाकडच्या ग्रुपवर येतात, आणि घरचे विचारतात, 'दारूचा कारखाना काय बघायचा असतो?'

प्रश्न बरोबर आहे. पण ज्याला शेतीची जाण आहे त्याला अशा ठिकाणी दोन तासांत बऱ्याच गोष्टी उमगतात. धान्य कुठून येतं, ऊस कुठं जातो, पाणी किती लागतं आणि घाण पाणी कुठं सोडतात, हा सगळा हिशोब तिथं डोळ्यांसमोर असतो. प्यायलाच पाहिजे असं काही नाही. बघायला पैसे लागत असले तरी विचारायला लागत नाहीत.

कुठं बघायला मिळतं?

परदेशात काही शहरांत बिअर आणि व्हिस्की दोन्ही एकाच दुपारी बघता येतात. आयर्लंडच्या डब्लिन शहरात १७५९ सालापासूनचा गिनेस बिअरचा कारखाना आहे, आणि २०१५ मध्ये त्याच शहरात टीलिंग नावाची व्हिस्कीची डिस्टिलरी सुरू झाली. लोक दुपारच्या जेवणानंतर निघतात आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बघून होतात.

आपल्याकडे यासाठी दोन वेगळ्या ठिकाणी जावं लागतं. बिअर पुण्यातच दिसते. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे हॉटेलातच बिअर तयार करणारा छोटा कारखाना, २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' या नावाने सुरू झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलेल्या इंग्रजी शब्दाचं आहे. पुढे मुंढवा, कोरेगाव पार्क भागात अशा जागा वाढल्या. काचेपलीकडे टाक्या दिसतात. गर्दी नसताना गेलं आणि आधी विचारलं तर काही ठिकाणी आत नेऊन दाखवतात.

व्हिस्कीसाठी मात्र गोव्याला जावं लागतं. मडगावच्या दक्षिणेला कुंकळ्ळी इथं 'पॉल जॉन' ही सिंगल माल्ट व्हिस्की तयार होते. तिथं पर्यटकांना आतून फिरवतात.

बिअर : मोड आलेलं धान्य आणि विरजण

बिअरला मुख्य चार गोष्टी लागतात : जव, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. जव म्हणजे आपण ज्याला सातू म्हणतो ते. आपल्याकडे ते फारसं होत नाही. राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेशात होतं.

पहिलं काम आपल्या घरात होतं तसंच आहे. नाचणीचं सत्त्व करायला आधी नाचणी भिजवून मोड आणतात. जवही तसंच भिजवतात, चार-सहा दिवस मोड येऊ देतात आणि मग गरम हवेत वाळवतात. याला माल्ट म्हणतात. मोड आले की दाण्यातला पिठूळपणा मोडून साखर करणारी द्रव्यं तयार होतात. माल्ट भरडून ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवलं की पाणी गोड होतं. कारखान्यात गेल्यावर शिजलेल्या लापशीसारखा जो वास येतो तो याचाच.

गोड पाणी गाळून घेतात, त्यात हॉप्स टाकून तासभर उकळतात. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि बिअर लवकर नासत नाही. मग ते थंड करून यीस्ट टाकतात. दुधाला विरजण लावावं तसं. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि बुडबुडे तयार होतात. हॉटेलातली साधी बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. बाजारात मिळणाऱ्या बिअरमध्ये साधारण ४ ते ८ टक्के अल्कोहोल असतं.

चोथा जातो गोठ्यात

गोड पाणी काढून घेतल्यावर जो चोथा उरतो, तो बघायचाच. १०० लिटर बिअरमागे साधारण २० किलो ओला चोथा निघतो. त्यात प्रथिनं चांगली असतात. जिथं बिअरचे कारखाने आहेत तिथले दूध उत्पादक हा चोथा गाई-म्हशींना घालतात.

पण चोथ्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. उन्हाळ्यात दोन दिवसांतच तो आंबतो आणि त्याला बुरशी लागते. बुरशी लागलेला चोथा जनावराला घालू नये. नव्याने घालायचा असेल तर थोड्यापासून सुरुवात करावी आणि पशुवैद्यकाला विचारून घ्यावं. मका किंवा तांदळापासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्यांतून निघणारं आणि 'डीडीजीएस' नावाने विकलं जाणारं खाद्यही असाच वाळवलेला चोथा आहे. तेही बुरशी बघूनच घ्यावं.

व्हिस्की : तेच पाणी, पुढे तांब्याचा हंडा

बिअर आणि व्हिस्कीची वाट इथपर्यंत जवळजवळ सारखीच आहे. व्हिस्कीच्या पाण्यात हॉप्स टाकत नाहीत, एवढाच मोठा फरक. माल्टचं गोड पाणी आंबवून त्यात ८ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं. ते तांब्याच्या मोठ्या हंड्यात तापवतात. पाणी १०० अंशांना उकळतं, अल्कोहोल ७८ अंशांनाच. त्यामुळे वाफेत अल्कोहोल जास्त येतं. वाफ थंड केली की जास्त कडक द्रव मिळतो. सिंगल माल्टसाठी हे सहसा दोनदा करतात.

दुसऱ्या वेळी सुरुवातीची धार आणि शेवटची धार वेगळी काढतात, मधली तेवढी घेतात. नंतर ती ओक लाकडाच्या पिंपात काही वर्षं ठेवतात. रंग आणि चव लाकडातून येते. पिंपातून थोडी व्हिस्की दरवर्षी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास, तर गोव्याच्या उकाड्यात ८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून आपल्याकडची व्हिस्की लवकर मुरते, पण पिंपात उरते कमी. शेवटी पाणी घालून ती बाटलीत भरतात. भारतात बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं दिसतं.

'भट्टीवरही हेच करतात' असं समजू नका

हे बघून कुणीही म्हणेल की गावच्या हातभट्टीवरही हेच चालतं. वाफ करून थंड करायचं तत्त्व एकच आहे, हे खरं. पण कारखान्यात प्रत्येक टप्प्यावर माल तपासला जातो. चोरून विकलेल्या दारूत काय मिसळलं आहे हे कुणालाच माहीत नसतं.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. हे रसायन कारखान्यांत लागतं. वासावरून, चवीवरून ते ओळखता येत नाही. दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसायला लागलं, पोटात दुखलं, उलट्या झाल्या, श्वास जोरात चालू लागला तर 'उतरेल' म्हणून घरी झोपवू नका. तडक दवाखान्यात न्या आणि दारू प्यायल्याचं डॉक्टरांना खरं सांगा. लवकर उपचार मिळाले तर जीव वाचतो, डोळेही वाचू शकतात.

बाटलीवर 'व्हिस्की', आत उसाची मळी

कारखान्यात दाखवतात ते तांब्याचे हंडे आणि लाकडी पिंपं. पण आपल्या देशात व्हिस्की म्हणून विकली जाणारी स्वस्त दारू बहुतांशी अशी तयार होत नाही. ती उंच स्टीलच्या मनोऱ्यांतून काढलेल्या ९६ टक्के शुद्ध अल्कोहोलपासून होते. त्यात पाणी, रंग, स्वाद आणि कधी थोडा माल्टचा अर्क घालतात. हे अल्कोहोल उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेलं असतं. युरोपात मळीपासूनच्या दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथं व्हिस्की धान्याचीच लागते.

हिशोब असा. एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. एक टन मळीतून साधारण २५० लिटर अल्कोहोल निघतं. म्हणजे एक टन उसामागे मळीतून १० लिटरच्या आसपास. एक टन धान्यातून मात्र ४०० लिटरच्या आसपास निघतं. याच अल्कोहोलमधलं उरलंसुरलं पाणी काढलं की पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल होतं. साखर कारखान्याशेजारी जो उंच मनोरा दिसतो, तो हेच काम करतो. दारूचे आणि इथेनॉलचे असे कारखाने उभारून देणारी प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी पिंपळे सौदागरपासून फार लांब नाही. तिचं मुख्यालय भूमकर चौक-हिंजवडी रस्त्यावर आहे.

धान्याचा प्रश्न मात्र सोपा नाही. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं. ज्वारी-बाजरीला भाव मिळेल असं एका बाजूने सांगितलं गेलं. खायचं धान्य दारूला कशाला, असं दुसऱ्या बाजूने विचारलं गेलं. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांनी त्याला जाहीर विरोध केला होता. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार मंजूर केला. म्हणजे हा विषय पुन्हा आपल्या बांधापर्यंत आला आहे. कारखान्यांकडून मागणी वाढली तर मक्याला, ज्वारीला भाव मिळू शकतो. पण त्याच गावात दारू स्वस्त झाली तर आलेला पैसा कुठं जाईल, हे घरातल्या बाईला विचारावं.

पाणी किती आणि घाण पाणी कुठं?

एक लिटर बिअरला कारखान्यात साधारण ४ ते ६ लिटर पाणी लागतं. धुणं, गरम करणं, थंड करणं सगळं त्यात आलं. दुष्काळात यावरून वाद पेटतो. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाड्यात प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बिअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत कमी करायला लावलं होतं.

घाण पाण्याचा त्रास त्याहून मोठा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर तांबूस-काळं, उग्र वासाचं पाणी निघतं. कारखान्यात त्याला स्पेंट वॉश म्हणतात. ते तसंच ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, विहिरींना रंग येतो. म्हणून या कारखान्यांनी थेंबभरही बाहेर सोडायचं नाही, असा नियम आहे. या पाण्यापासून गॅस तयार करतात, आटवून जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मिसळून खत करतात. नियम मोडलेला दिसला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. फोटो काढताना तारीख आणि ठिकाण दिसेल असं बघावं.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा

- महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण लागतं. प्यायचा परवानाही लागतो.
- प्यायल्यावर गाडी चालवू नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा होतो. पिंपळे सौदागरवरून नाशिक फाटा स्टेशन गाठावं, मेट्रोने जिल्हा न्यायालयापर्यंत जाऊन गाडी बदलावी, कल्याणीनगरला उतरावं. परत येताना उशीर होणार असेल तर शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवावं.
- चव बघायचा आग्रह कुणी केला तरी नाही म्हणता येतं.

आणि आत गेल्यावर माहिती सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. हे धान्य कुठल्या शेतातून येतं? रोज किती पाणी लागतं? वापरलेलं पाणी जातं कुठं? दारू कशी झाली हे तो स्वतःहून सांगेल, पण ही तीन उत्तरं विचारल्याशिवाय मिळत नाहीत. उद्या आपल्या तालुक्यात असा कारखाना येणार असं कानावर आलं, तर ग्रामसभेतही हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत. उत्तरं लेखी मागा.