पेशीचा पत्ता

नागोठण्यापासून रेवसपर्यंत धरमतर खाडीचे पाणी ठिकठिकाणी भरून आम्ही एकाच घागरीत ओतले, तर खारेपणा कळेल; गोडे पाणी कोठे संपले, ते कळणार नाही. कर्करोगाच्या गाठीचे वर्षानुवर्षे असेच झाले. तुकडा वाटून जनुकांचे निरोप, म्हणजे आरएनए, मोजले. पेशींचा पत्ता मात्र पुसला गेला.

२०१६ साली स्वीडनमधील संशोधकांनी पातळ काप अखंडच काचेवर ठेवला. काचेवरील प्रत्येक ठिपक्याची खूण निराळी. निरोप तेथेच अडकतो व ठिकाणासह वाचता येतो. संरक्षक पेशी गाठीत शिरल्या, की बांधाबाहेरच ताटकळल्या, हे आता दिसते. काही औषधांचा गुण पुष्कळसा त्यावरच ठरतो.

तंत्र अजून महाग आहे. तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचे निदान आजही साध्या सूक्ष्मदर्शकाखालीच होते.