कामाची खबर आणि पैशाचा हिशेब

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी भागात काम करणाऱ्या संस्थेचे पाठीराखे केवळ गावात नसतात. खानापूर, आटपाडी, विटा या पट्ट्यातली कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभरातल्या शहरांत पसरली आहेत. जावळी-पाटणकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामगार म्हणून राबली. ही मंडळी पूर्वी जत्रेला किंवा दिवाळीला गावी आली की भेटत. आता त्यांच्याशी रोज बोलता येते, आणि स्वयंसेवी संस्थेसाठी समाजमाध्यमांचे खरे मोल इथेच आहे. अनोळखी लाखोंपर्यंत पोहोचण्याची धडपड बहुतेक संस्थांना झेपत नाही आणि तिची गरजही नसते. गावाशी आधीच नाते असलेल्या काहीशे माणसांना कामात सामील करून घेणे जास्त मोलाचे असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण कोरेगाव तालुक्यात घडले. अभिनेता आमिर खानच्या पानी फाउंडेशनने २०१६ साली सत्यमेव जयते वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत अमरावतीतले वरूड, बीडमधले अंबाजोगाई आणि साताऱ्यातले कोरेगाव होते. पहिले बक्षीस कोरेगावातल्या वेळू गावाने मिळवले. २०१८ मध्ये स्पर्धा ७५ तालुक्यांत पोहोचली आणि पुन्हा सातारा जिल्ह्यातलेच, माण तालुक्यातले टाकेवाडी पहिले आले. समतल चर कसे खणावेत, बांध कुठे घालावा, हे गावकऱ्यांना चित्रफितींमधून शिकवले गेले. शहरातल्या लोकांना ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नोंदणी करून १ मेच्या महाश्रमदानासाठी गावात येता आले. आमिर खानसारखे नाव प्रत्येक संस्थेच्या मागे उभे राहणार नाही, हे उघड आहे. पण या मोहिमेने शहरातल्या माणसाकडे आधी श्रम मागितले, आणि हा क्रम छोट्या संस्थेलाही पाळता येतो. एकदा चर खणून गेलेला माणूस त्या शिवारात पाऊस पडला का, हे पुढे आपणहून विचारतो.

त्यामुळे श्रमदानाच्या निरोपात तारीख, जागा, कामाचे स्वरूप, सोबत काय आणायचे आणि कोणाला फोन करायचा, एवढे तरी असलेच पाहिजे. काम संपल्यावर किती मीटर चर झाले ते त्याच संध्याकाळी कळवावे. पावसाळ्यानंतर त्याच जागेचा, त्याच कोनातून काढलेला फोटो पाठवावा. संस्था नेमक्या इथेच कमी पडतात. आवाहन वेळेवर जाते, पण पुढे काय झाले ते कोणी कळवत नाही. दुसऱ्या वर्षी तेच आवाहन आले की माणसे गप्प राहतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

कोणते माध्यम कशासाठी वापरायचे, हे आधी ठरवावे लागते. ग्रामीण भागात व्हॉट्सॲप सर्वांत जवळचे. त्याच्या ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, पण तिथे प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो. म्हणून देणगीदार आणि लाभार्थी यांना एकाच ग्रुपमध्ये घालणे चुकीचे. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो, मात्र ज्याने संस्थेचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो मिळतो. हे ठाऊक नसल्यामुळे पाठवलेले निरोप अर्ध्यावरच राहतात. पावती देतानाच ‘आमचा नंबर जतन करा’ एवढे सांगितले तरी फरक पडतो. २०२३ मध्ये भारतात आलेल्या व्हॉट्सॲप चॅनेलमध्ये एका बाजूनेच बोलता येते, पण अनुयायांचे नंबर एकमेकांपासून लपलेले राहतात. लांब चित्रफिती यूट्यूबवर ठेवाव्यात, म्हणजे वर्षांनंतरही सापडतात. फेसबुक परगावच्या मध्यमवयीन गावकऱ्यांसाठी आणि इन्स्टाग्राम कॉलेजच्या मुलांसाठी उपयोगी पडते. चारही ठिकाणी अर्धवट असण्यापेक्षा एका ठिकाणी नियमित असणे बरे.

भाषेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केले. ज्या बायांना वाचायची सवय नाही त्यांना ऐकता येते आणि स्वतः बोलताही येते, हे रेडिओचे बळ. फोनवरचा आवाजी निरोप तेच काम करतो. अनुदानाच्या अहवालातली भाषा उचलून टाकलेल्या मजकुरापेक्षा, शेळ्या पाळणाऱ्या बाईने आपल्या बोलीत सांगितलेले मिनिटभराचे बोलणे मुंबईतल्या माणदेशी माणसाला अधिक भिडते.

संकटाच्या वेळी या माध्यमांची कसोटी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा महापुरात मदतीचे निरोप हजारो हातांतून फिरतात आणि गरज भागल्यावरही फिरतच राहतात. मग एका गावात पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पडतो आणि पुढच्या वाडीत औषध पोहोचत नाही. प्रत्येक निरोपावर तारीख व वेळ, गावाचे नाव, नेमकी वस्तू आणि नग लिहावेत. गरज संपली की ‘आता पाठवू नका’ असा निरोपही तेवढ्याच जोमाने फिरवावा.

पैसे मागताना कायदा माहीत हवा. ८०जी या नावाने ओळखली जाणारी प्राप्तिकर सवलत दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीतही ती उपलब्ध नाही. आवाहनात हे स्पष्ट लिहिलेले असावे. परदेशस्थ मराठी माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने बँकेमार्फत दिलेली स्वतःची देणगी परकीय ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर परकीय योगदान कायद्याखालची परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. क्यूआर कोड सरसकट सगळीकडे टाकण्याआधी हा विचार झाला पाहिजे.

सर्वांत जपायची गोष्ट माणसांची अब्रू. सांगलीत १९९२ पासून काम करणारी संग्राम ही संस्था आणि तिथून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांच्या कामात देहविक्री करणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या हक्कांविषयी स्वतः बोलतात. दयेसाठी रडवेले चेहरे दाखवणाऱ्या प्रचारापेक्षा ही वाट अवघड, पण न्याय्य आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्याची ओळख संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ चा कायदा मनाई करतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची नावे आणि फोटो प्रसिद्ध करण्यावर २०१५ च्या बालन्याय कायद्याची बंदी आहे. संमती एकदा दिली म्हणजे ती कायमची झाली, असेही मानू नये. फोटो काढून टाका असे कोणी म्हटले तर तो त्याच दिवशी काढावा.

निरोप कधी पाठवायचा, हेही गावाकडून शिकावे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात. तिथल्या पालकांसाठीचा निरोप साडेआठनंतरच गेला पाहिजे. यशही लाइकच्या आकड्यावरून मोजू नये. श्रमदानाला किती आले, त्यातले किती दुसऱ्यांदा आले, किती देणगीदारांनी पुढच्या वर्षी पुन्हा दिले आणि विचारलेल्या किती प्रश्नांना उत्तर गेले, एवढ्या नोंदी एका वहीत दर महिन्याला ठेवता येतात. त्यासाठी एक माणूस नेमलेला असावा आणि उत्तर देणे हे त्याचे रोजचे काम असावे.