प्लेअर बदलला, की फक्त आवाज वाढला?

तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची कर्मभूमी. १९३५ मध्ये त्यांनी येथे आश्रम उभारला आणि खंजिरीच्या ठेक्यावर गावोगाव भजने गाऊन लोकांना जागे केले. १९६८ मध्ये महाराज गेले. त्यांच्या आवाजातली जुनी ध्वनिमुद्रणे मात्र आजही घरोघर ऐकली जातात. पूर्वी टेपरेकॉर्डरवर ऐकायची भजने आता संगणकावर आणि मोबाईलवर ऐकतात. त्याबरोबर एक नवा वादही आला आहे. गाणे तेच, संगणक तोच, स्पीकरही तेच. तरी एका प्लेअरवर आवाज ‘मोकळा’ येतो आणि दुसऱ्यावर ‘दबलेला’, असे अनेकजण खात्रीने सांगतात.

हा विषय संगणकवाल्यांचा आहे, डॉक्टरने त्यात का पडावे, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. या वादाचा निकाल बऱ्याच अंशी संगणकात लागत नाही, तो आपल्या कानात आणि मेंदूत लागतो. आणि चुकीचा निकाल लावला तर त्याची किंमत कानाला मोजावी लागते.

प्लेअर नेमके काय करतो?

संगणकातल्या गाण्याच्या फाइलमध्ये असतात ते आकडे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेली असते. माणसाचा निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ इतक्या कंपनांचे आवाज ऐकू शकतो. तेवढ्यासाठी ही मोजणी पुरेशी आहे. एमपी३ फाइलमध्ये जागा वाचवण्यासाठी यातला काही भाग गाळून उरलेला घडी घालून ठेवलेला असतो.

प्लेअरचे काम इतकेच, की ही घडी उलगडायची आणि आकडे संगणकाच्या मुख्य प्रणालीच्या हवाली करायचे. त्या आकड्यांची विजेची लहर बनवण्याचे काम साउंड कार्ड करते आणि त्या लहरीचा आवाज स्पीकर करतो. दवाखान्याच्या औषध खिडकीवर कुणीही बसलेले असो, चिठ्ठीवर लिहिलेली गोळी तीच मिळते. घडी उलगडण्याची रीतही ठरलेली आहे. त्यामुळे दोन चांगल्या प्लेअरमधून बाहेर पडणाऱ्या आकड्यांत फरक पडलाच तर तो शेवटच्या अंकात पडतो. तो ऐकू येण्याच्या पातळीच्या खूप खाली असतो.

एक तांत्रिक मुद्दा मात्र खरा आहे. फाइल ४४,१०० ची आणि संगणकाची मांडणी ४८,००० ची असेल, तर प्रणाली आकड्यांचे रूपांतर करते. पूर्वीच्या काही साउंड कार्डांत हे रूपांतर ढोबळ असे आणि चोखंदळ कानाला ते कळतही असे. आजच्या संगणकांत ते इतके सफाईने होते, की सामान्य ऐकण्यात त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

मग फरक ऐकू कसा येतो?

पहिले कारण सेटिंगचे. काही प्लेअरमध्ये इक्वलायझर चालू असतो, काहींत ‘बास’ वाढवलेला असतो, तर काही प्लेअर सगळी गाणी एकाच पातळीवर आणण्यासाठी आवाज कमी-जास्त करतात. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये आवाजाची पट्टी १०० टक्क्यांच्याही पुढे जाते. तिथे गेल्यावर लहरीचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. हे फरक खरे आहेत, पण ते दर्जाचे नाहीत. बटणे सारखी केली की तेही जातात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते शरीरशास्त्राचे आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातले आणि खूप वरच्या पट्टीतले सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच सूर वर येतात. म्हणून तेच भजन थोडे मोठ्याने लावले, की ढोलक भरदार वाटतो, खंजिरीची झांज लख्ख वाटते आणि गळा जवळ आल्यासारखा भासतो. वाढ अगदी थोडी असेल तर ‘आवाज मोठा झाला’ असे आपल्याला वाटतच नाही. ‘आवाज चांगला झाला’ असे वाटते.

तिसरे कारण अपेक्षा. नवा प्लेअर कुणी कौतुक करून दिला असेल, तर कान आधीच तयार होऊन बसतात. यात खोटेपणा नाही. साध्या साखरेच्या गोळीनेही काही रुग्णांचे दुखणे खरोखर हलके होते, तसेच हे.

नाव झाकून परीक्षा

अपेक्षेचा हा परिणाम वेगळा काढण्यासाठी वैद्यकशास्त्राने नाव झाकून तपासण्याची पद्धत स्वीकारली. १९४८ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाली. त्या चाचणीत एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञांना कोणत्या रुग्णाला औषध मिळाले आहे हे सांगितलेले नव्हते. आवाजाच्या क्षेत्रातही असे प्रयोग झाले आहेत. मेयर आणि मोरान यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. त्यांनी सीडीपेक्षा वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवले. ५५४ वेळा विचारले, त्यात बरोबर उत्तरे आली २७६. म्हणजे नाणे उडवून आली असती तेवढीच.

ही परीक्षा घरीही घेता येते. दोन प्लेअर घ्या. दोन्हींतले इक्वलायझर आणि इतर परिणाम बंद करा. दोन्हींच्या पट्ट्या नेमक्या १०० टक्क्यांवर ठेवा. आवाज आधी अगदी कमी करून मग स्पीकरच्या बटणाने हवा तेवढा ठेवा, आणि नंतर त्याला हात लावू नका. आता घरातल्या कुणाला तरी पडद्याकडे बसवून नाणे उडवायला सांगा. छाप आली तर पहिला प्लेअर, काटा आला तर दुसरा. तुम्ही पाठमोरे बसून ओळखा. हे १६ वेळा करा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच असते. तेवढी आली तर फरक आहे असे समजून सेटिंग पुन्हा तपासा. बहुतेकांची गाडी आठ-नऊच्या आसपास थांबेल.

दर्जा खरा कुठे जातो?

ध्वनिमुद्रण मुळात कसे झाले, हे सर्वांत महत्त्वाचे. जुन्या तबकड्या आणि टेपांत वरच्या पट्टीतले बरेचसे आवाज उतरलेलेच नसत. जे उतरलेच नाही, ते कोणताही प्लेअर देऊ शकत नाही. कमी दर्जाची एमपी३ फाइल मोठ्या आकड्याच्या फाइलमध्ये बदलली तर जागा वाढते, आवाज वाढत नाही.

फाइल फार दाबलेली असेल तर मात्र फरक ऐकू येतो. खंजिरीसारखा टणकन उमटणारा आवाज एमपी३ ला अवघड जातो. थाप पडण्याच्या क्षणभर आधीच एक धूसर फुसफुस ऐकू येते आणि झांजेची धार बोथट होते. म्हणून जुनी भजने संगणकात उतरवून ठेवणाऱ्यांनी मूळ प्रत न दाबलेल्या स्वरूपात जपावी. त्यानंतर क्रम लागतो स्पीकर किंवा इअरफोनचा आणि खोलीचा. प्लेअरचा नंबर सर्वांत शेवटचा.

खरा धोका तीन डेसिबलचा

आवाज ३ डेसिबलने वाढला तर आपल्याला तो जेमतेम जाणवतो, पण कानात शिरणारी ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०. शंभर डेसिबलला ती आठवड्याला अर्ध्या तासाच्याही आत येते, आणि अनेक इअरफोन पूर्ण आवाजात तिथवर पोचतात. ‘चांगला’ वाटलेला प्लेअर जर फक्त ३ डेसिबल मोठा असेल, तर त्या चांगुलपणापायी आपण कानाची निम्मी सवड खर्च करतो.

आपल्या प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुधा सुरुवातीचे नुकसान ४,००० हर्ट्झच्या आसपास होते. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट कळत नाहीत. गाण्यातली झांज मंदावते. माणूस म्हणतो, प्लेअरमध्ये दम नाही. मग तो इक्वलायझर चढवतो, आवाज वाढवतो, आणि उरलेल्या पेशींवर आणखी भार टाकतो. “डॉक्टरसाहेब, कानात सुंई सुंई आवाज येते,” ही तक्रार घेऊन ओपीडीत येणाऱ्या पोरांना मी आधी विचारतो, इअरफोन किती तास आणि किती मोठ्याने लावतोस?

म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा. एका प्लेअरवर आवाज दबलेला वाटला तर सेटिंग पाहा. सगळ्याच प्लेअरवर, सगळ्याच स्पीकरवर दबलेला वाटू लागला तर कान तपासून घ्या. कधी कारण नुसता साचलेला मळ असतो आणि तो काढला की काम होते. पण तो काडीने, पिनेने कोरू नका आणि दुखऱ्या कानात तेल ओतू नका.

हे करा

• प्लेअरची पट्टी १०० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका.

• आजूबाजूच्या गोंगाटावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज वाढवू नका. एसटीत, ट्रॅक्टरवर हीच चूक होते.

• हातभर अंतरावरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसेल, तर आवाज फार मोठा आहे.

• तासाभराने कानाला थोडी विश्रांती द्या. ऐकून झाल्यावर कानात दडे बसले किंवा घंटी वाजत राहिली, तर ती इशारत समजा.

• एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा बहिरेपणावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात.

• ऐकू कमी येत असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात कान दाखवा आणि डॉक्टरांनी सुचवल्यास ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणक्षमतेची तपासणी, करून घ्या. तिला ना सुई लागते, ना दुखते.

प्लेअर जो आवडेल तो वापरा, बहुतेक फुकटच असतात आणि न जमल्यास काढूनही टाकता येतात. कानाच्या आतल्या केसपेशींना मात्र बदली मिळत नाही.