कुलूपबंद घरात धूळ येते कुठून?

मे महिन्यात गावी जाताना आपण खिडक्या लावतो, गॅसचा कॉक बंद करतो, पलंगावर जुनी चादर टाकतो आणि दाराला कुलूप घालतो. महिन्याभरानं परत यावं तर टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ! मधल्या काळात घरात कोणी आलं नाही की गेलं नाही. मग एवढा माल आत आणला कोणी?

हवेनं. घर बंद असतं, हवाबंद नसतं. सरकत्या खिडक्यांच्या चौकटीत फटी असतात, दाराखालून उजेड दिसतो, एक्झॉस्ट फॅनची जाळी उघडीच असते. दिवसा भिंती तापतात, रात्री निवतात, बाहेर वारा सुटतो. या सगळ्यामुळे घरातली हवा थोडी थोडी बदलत राहते. ओढ्याचं पाणी डोहात शिरलं की संथ होतं आणि बरोबर आणलेला गाळ तळाशी सोडून देतं. रस्त्यावरची हवा आपल्या घरात शिरून नेमकं हेच करते. बंद घरात तर चालणारी पावलं नाहीत, पंखा नाही. खाली बसलेल्या कणाला पुन्हा उठवणारं कोणी नाही.

हा गाळ कुठला, हे घर कुठे आहे त्यावर ठरतं. कोकणात फडक्यावर जांभ्याची तांबूस छटा उतरते, देशावर बसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीची. शहरातल्या धुळीत सिमेंट, डिझेलची काजळी आणि टायरच्या झिजलेल्या रबराची भर पडते. कधी पाहुणे फार लांबून येतात. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूनं उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून आलं. मुंबईचं आकाश धुरकट झालं आणि उभ्या गाड्यांवर पांढुरकी पूड साचली. त्या दिवशी मुंबईकरांनी काचेवरून जे पुसलं, ते परदेशातलं वाळवंट होतं.

त्याहूनही लांबचा माल आहे. नॉर्वेचा जॅझ गिटारवादक यॉन लार्सन अनेक वर्षं शहरांतल्या छपरांच्या पन्हळींतला कचरा गोळा करून, धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली चाळत बसला. त्याला अवकाशातून पडलेले कण हवे होते. शहराच्या कचऱ्यात असे कण ओळखणं अशक्यच, असं तज्ज्ञ मानत. पण लार्सनला ते सापडले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मॅथ्यू गेंज या शास्त्रज्ञाबरोबर त्यानं असे सुमारे ५०० कण २०१७ मध्ये जगापुढे ठेवले. वातावरणात शिरताना वितळून गोल झालेले, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे मणी! अंटार्क्टिकाच्या बर्फातून मिळालेल्या कणांवरून २०२१ मध्ये केलेला अंदाज सांगतो, की असा सुमारे ५,२०० टन माल दरवर्षी पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोचतो. आपल्या इमारतीची गच्ची त्यातून वगळलेली नाही.

आणि आपण स्वतः? घरातली धूळ म्हणजे बहुतेक माणसाची झडलेली कातडी, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धवट. माणसाच्या अंगावरून तासाला साधारण ०.०३ ते ०.०९ ग्रॅम त्वचा झडते. त्यात केस, चादरींचे-साड्यांचे तंतू, पीठ, कागदाचा भुगा, उदबत्तीची राख आणि फोडणीच्या धुरातले तेलाचे थेंब मिळवा. तरीही बाहेरचं पारडं जड राहू शकतं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या घरांबद्दल २००९ मध्ये झालेल्या एका अभ्यासानं जमिनीवरच्या धुळीतला सुमारे ६० टक्के वाटा बाहेरून आलेला असल्याचं मांडलं. जिथे खिडक्या बारा महिने उघड्या असतात, तिथे हा वाटा कमी असण्याचं काही कारण नाही.

बिचाऱ्या कातडीच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. तिच्यातल्या तेलात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो आणि तो ओझोनशी संयोग पावतो. डेन्मार्कमधल्या घरांतली धूळ तपासून २०११ मध्ये संशोधकांनी हिशोब मांडला, की जमिनीवर बसलेल्या धुळीतलं स्क्वालीन घरातला ओझोन २ ते १५ टक्क्यांनी कमी करू शकतं. आपण ज्याला कचरा म्हणतो, तो हवेतला एक त्रासदायक वायू गुपचूप शोषत असतो.

आता रोजच्या कोड्याकडे येऊ. सकाळी टीव्ही, कपाट, शोकेस फडक्यानं पुसलं, मग झाडू मारला, आणि तासाभरात टीव्हीवर पुन्हा पातळ थर. पुसणाऱ्यावर संशय येतो. वास्तविक दोष क्रमाचा असतो. जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञानं १८५१ मध्ये हवेत किंवा पाण्यात पडणाऱ्या बारीक गोळ्याचं गणित मांडलं. त्यानुसार कणाचा व्यास निम्मा झाला, की पडण्याचा वेग चौथाईवर येतो. पाण्याइतक्या घनतेचा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण शांत हवेत दोन मीटर खाली यायला आठ-दहा सेकंद घेतो. दहा मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण सातव्या हिश्श्याचा कण अकरा मिनिटं घेतो. आणि एका मायक्रॉनचा? पंधरा-सोळा तास! पंखा चालू असेल तर तेवढ्यातही सुटका नाही. झाडू जाड कचरा सुपलीत गोळा करतो, बारीक धूळ मात्र हवेत उडवून देतो, आणि ती सावकाश नुकत्याच पुसलेल्या टीव्हीवर येऊन बसते.

पंख्याचं कोडं तर आणखी मजेदार आहे. घरातला नेहमीचा १,२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेतो, तेव्हा पात्याचं टोक ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगानं धावत असतं. एवढ्या वेगात धूळ झटकली जायला हवी. उलट पात्याच्या पुढच्या कडेला तिची जाड पट्टी साचते. कारण पात्याला अगदी टेकलेली हवा पात्याबरोबरच फिरते. तिथून थोडं दूर गेल्यावरच हवेचा सापेक्ष वेग वाढत जातो. या पातळ थराचं विवेचन लुडविग प्रांटल यानं १९०४ मध्ये केलं, आणि पुढे विमानाच्या पंखांचं शास्त्र त्यावर उभं राहिलं. काही मायक्रॉनचा कण एकदा या थरात शिरला, की वारा त्याच्या डोक्यावरून जातो. पुढची कड हवा कापत जाते, म्हणून कण आदळतातही तिथेच जास्त. स्वयंपाकघरातल्या पंख्यावर फोडणीचं तेल त्यांना आणखी घट्ट बसवतं.

एवढ्या हलक्या कणाला पृष्ठभाग धरून ठेवतो कसा? कणाचा व्यास दहापट कमी केला, तर त्याचं वजन हजारपट घटतं. पण पृष्ठभागाशी असलेलं त्याचं आकर्षण साधारण दहापटच घटतं. म्हणून वाळूचा खडा भिंतीवरून घसरतो आणि धुळीचा कण उभ्या काचेवरही ठाण मांडतो. या जगात गुरुत्वाकर्षणाचं फारसं चालत नाही, चिकटण्याचं राज्य असतं.

आता ओल्या फडक्याची करामत कळते. कोरडं फडकं घासलं की विद्युतभार तयार होतो. काही कण फडक्याला चिकटतात, काही उडतात, काही काचेवरच इकडून तिकडे सरकतात. ओलाव्यानं तो भार ओसरतो आणि पाण्याचा पातळ पडदा कणाला फडक्याकडे ओढून धरतो. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडण्याची आणि मातीची जमीन शेणानं सारवण्याची रीत याच शास्त्रावर चालते: कण उडण्याआधीच त्याला बांधून टाकायचं.

धूळ झटकायची की पकडायची, हा प्रश्न लंडनमध्ये १९०१ मध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्यालाही पडला होता. त्यानं हवेच्या झोतानं धूळ उडवणारं यंत्र पाहिलं आणि विचारलं, उडवण्याऐवजी ओढून का घेत नाही? मग एका उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून त्यानं तोंडानंच हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालावर काळा डाग उमटला. व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सिद्ध झाली. मात्र यंत्रातली गाळणी भरड असेल, तर पुढून ओढलेली बारीक धूळ मागच्या बाजूनं पुन्हा खोलीत येते. हेपा गाळणी लागते ती इथे. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तिनं पकडावेत असा तिचा निकष आहे. गंमत म्हणजे त्याहूनही लहान कण ती अधिक सहज पकडते, कारण हवेच्या रेणूंचे धक्के खात ते वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्या ना कुठल्या तंतूवर आदळतातच.

ज्यांना धुळीनं शिंका येतात, त्यांचा शत्रू बहुतेकदा माती नसून माइट असतो. मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा, आठ पायांचा, कोळ्याचा दूरचा नातलग. १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या व्होरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचा संबंध या जीवाशी जोडला. माइट माणसाची झडलेली त्वचा खातो. पाणी मात्र पीत नाही, दमट हवेतून शोषतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी. जुलैतल्या मुंबईची किंवा रत्नागिरीची हवा त्याला मानवते, कोरडी हवा त्याचा जीव घेते. पावसाळा संपल्यावर गाद्या उन्हात टाकण्यात म्हणूनच अर्थ आहे. पण माइट मेला तरी विष्ठा गादीत राहते. तेव्हा गादी बाहेरच बडवायची, घरात नाही. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले, तर माइट मरतात आणि प्रथिनंही बरीचशी धुऊन जातात.

या सगळ्याचा मथितार्थ एका वाक्यात मावतो: धूळ संपत नाही, ती फक्त जागा बदलते, तिची पुढची जागा आपण ठरवायची. पहिली चौकी दारात. चपला बाहेर, एक खरखरीत पायपुसणं दाराबाहेर, दुसरं आत, आणि दोन्ही वेळेवर धुतलेली; भरलेलं पायपुसणं धूळ अडवत नाही, उलट घरात पसरवतं. बाहेर बांधकाम चालू असेल, तर त्या बाजूच्या खिडक्या काम सुरू असताना बंद. दाराखाली रबरी पट्टी. फोडणी देताना एक्झॉस्ट चालू. उघडी पुस्तकं, सुकलेल्या फुलांचे गुच्छ, जाड पडदे जितके कमी, तितकी बसायला जागा कमी.

आणि क्रम वरून खाली, पुसणं मात्र शेवटी. आधी पंखा: पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून तो ओढून घ्या, धूळ अभ्र्यातच राहते. मग जळमटं, मग झाडू, तोही जमिनीला धरून, न फटकारता आणि पंखा बंद ठेवून. खिडक्या उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबा. त्यानंतर ओल्या फडक्यानं टीव्ही-कपाटं आणि शेवटी लादी. बऱ्याच घरांत सामान आधी पुसतात. ते नंतर पुसलं, की त्याच मेहनतीत काम जास्त टिकतं.

विश्वास बसत नसेल, तर प्रयोग करून पाहा. १८७० मध्ये जॉन टिंडल यानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अंधारात प्रकाशाचा झोत टाकून श्रोत्यांना हवेतली धूळ दाखवली होती. हवा ज्योतीवरून नेली की कण दिसेनासे होतात, तेव्हा त्यांतले बरेच जळण्याजोगे, म्हणजे सेंद्रिय असले पाहिजेत, असं त्यानं मांडलं. आपल्याला एवढा खटाटोप नको, मोबाइलची टॉर्च पुरे. खोली अंधारी करा, एका दिवशी कोरडा झाडू मारल्यावर आणि दुसऱ्या दिवशी नुसतं ओलं पुसल्यावर टॉर्चच्या झोतात पाहा. दोन्ही दिवशी लादी सारखीच स्वच्छ दिसेल. फरक हवेत दिसेल. उद्यापासून झाडू कसा धरायचा, ते मग कोणी सांगायला लागणार नाही.