घाटात न्यूट्रल : बचतीचा भ्रम

छिंदवाड्याहून सौंसरकडे येताना सिल्लेवानी घाट उतरावा लागतो. अशा उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचते, असा अनेकांचा समज आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात काही तथ्य होते. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधनपुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये टॅकोमीटरचा काटा मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांवर येतो. तेवढे फेरे चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. शिवाय इंजिनाचा रोध सुटल्याने सारा भार ब्रेकवर पडतो आणि ते तापून निकामी होण्याची भीती असते. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा. त्यात इंधन वाचते आणि जीवही सुरक्षित राहतो.